रुखवतातलं इंजिन

सुशीअक्काच्या रुखवतात वाफेचं इंजिन मांडायचं, हे अण्णांच्या डोक्यात कसं शिरलं एवढं मला ठाऊक आहे. त्यानंतर घरात जे घडलं त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता साठी उलटल्यावर ते लिहायला बसले तरी सगळं कळलंय असं छातीठोकपणे म्हणवत नाही. सुपारी फोडायला पूर्णेहून पाहुणे आले होते. अक्काचे होणारे सासरे रेल्वेत ड्रायव्हर, उभी हयात वाफेच्या इंजिनावर गेलेली. आमचे अण्णा सेलूच्या एका जिनिंग फॅक्टरीत बॉयलर सांभाळायचे. दोघांनाही वाफेचं वेड, तेव्हा गप्पा रंगणारच. जेवणं झाली, पानं फिरली आणि अक्काचे हे मामंजी मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "तुमचं इंजिन एका जाग्यावर हुबं राहून फुसफुसतंय. आमचं पळतंय. एवढाच फरक हाय बगा." सगळी बैठक हसली. अण्णाही हसले. पण मी त्यांची थोरली लाडकी, म्हणजे वयानं धाकटी पण लाडानं थोरली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

त्यात एक दुखरी जागा होती आणि पाहुण्यांना तिची खबर नव्हती. फॅक्टरीत नुकत्याच विजेच्या मोटारी बसल्या होत्या. बॉयलर थंड पडला. मालक भला माणूस, त्यानं अण्णांना काढलं नाही, मोटारींना तेलपाणी करायला ठेवलं. पण अण्णा घरी येऊन म्हणायचे, "मोटारीला मानूस लागत न्हाई, बटन लागतंय." पूर्वी फॅक्टरीचा भोंगा वाजला की आई म्हणायची, तुझ्या अण्णानं हाक मारली. तो भोंगा बंद झाल्यापासून अण्णा घरात नुसते असायचे. जेवताना भाकरी मोडून ताटात ठेवायचे आणि खायची विसरायचे. सुपारी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते भंगारातून पितळी नळीचा एक तुकडा घेऊन आले आणि अक्काला म्हणाले, "सुशे, तुझ्या रुखवतात पळणारं इंजिन ठिवतो. तुझा सासरा बगतच राहील."  रुखवतात पापड-कुरडयांचे मनोरे असतात, शेवयांची वेणी असते, मण्यांची तोरणं, कापसाची बदकं. इंजिन कुणी पाहिलं होतं? "अन् न्हाई पळालं तर?" अक्का म्हणाली. "सगळे म्हनतील, ह्यांची पोरगीबी अशीच अडून बसनारी." अण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की पळेल. झालं, अण्णांची पत, अक्काची अब्रू आणि मामंजींची मिशी अशी सगळी त्या वीतभर पितळेवर येऊन बसली.

ते दिवस लग्नघराचे. ओसरीवर येसराचं दळण चाललेलं, आतून मसाले भाजल्याचा खकाणा उठायचा आणि घरातला प्रत्येक माणूस शिंकत हिंडायचा. आईच्या माहेराहून, बोरीहून, नव्या चिंचेचं पोतं आलं होतं. दुपारभर शेजारच्या बायका चिंचा फोडत बसायच्या. चिंचोके उडून कुठंही जायचे, अगदी अंथरुणात सापडायचे. त्या सगळ्या गलक्यात पडवीच्या कोपऱ्यात अण्णा आणि मी. मला शाळेला सुट्टी होती आणि चिंचा फोडायचा मनस्वी कंटाळा. आई ओरडायची, "मंदे, पोरीची जात हायेस, हिकडं ये." अण्णा वर न बघता म्हणायचे, "तिला न्हेऊ नको, पाना कोन देईल?" ह्या एका वाक्यावर मी तो सगळा उन्हाळा काढला असता.

इंजिन झालं आणि पळालं. पण कसं पळालं! आधी हूं की चूं नाही, मग एक उडी, मग पुन्हा थंड, मग अशी दुसरी उडी की मागचे पत्र्याचे दोन डबे एकमेकांवर चढले. त्या डब्यांतून विडे आणि सुपारी फिरायची होती. अण्णांनी मला समजावलं. सिलिंडर पाळण्यासारखा डुलतो, त्याची सपाट पाठ एका पितळी पाटीवर घासत राहते, पाटीला दोन भोकं. एकातून वाफ आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. ती पाठ आणि ती पाटी एकमेकींना चिकटून पण सैल राहिल्या पाहिजेत. "नवरा-बायकोवानी," अण्णा म्हणाले आणि मग मी लहान आहे हे आठवून खाकरले. मग आम्ही त्याला मऊ चालायला शिकवायला लागलो. अण्णांनी आरशाची काच जमिनीवर आडवी मांडली, तिच्यावर तेलात कालवलेली घासायची बारीक पूड टाकली आणि ती पाठ गोल गोल, गोल गोल घासली. मग ती पूड रॉकेलनं स्वच्छ धुऊन काढली. आरसा नेल्यामुळं अक्काला वेणी अंदाजानं घालावी लागली आणि ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. मग एका मोडक्या गजराच्या घड्याळातली दातेरी चाकं काढून मध्ये बसवली, म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या कितीही घाईत असला तरी गाडीची चाकं सावकाश फिरतील. एका बाजूला जड लोखंडी चकती लावली. दट्ट्या जिथं अडतो तिथून ती त्याला पुढं ढकलते. पाठ पाटीला दाबून धरणारी स्प्रिंग थोडी सैल केली. आणि एका संध्याकाळी इंजिन पाटावरच्या गोल रुळावरून असं गेलं की डब्यात ठेवलेलं पाणी हललं नाही. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.  मला गूळ दिला.

सकाळी ते पुन्हा उड्या मारायला लागलं.

इथून माझ्या डोक्याचा जो गोंधळ सुरू झाला तो कसा सांगू? संध्याकाळी आम्ही ते उघडायचो, पुसायचो, तेल द्यायचो, मऊ चालायचं. सकाळी दिवा लावला की खोकल्यासारखे हिसके. अण्णांनी स्प्रिंग बदलली. स्पिरिटचा दिवा बदलला. पाणी उकळून गाळून भरलं. चकती आणखी जड केली, मग परत हलकी केली. मला वाटलं पितळालाही रात्री थंडी वाजत असेल, म्हणून मी त्यावर गोधडीचा तुकडा टाकून पाहिला. एकदा तर अण्णा देवासमोर उभे राहून काहीतरी पुटपुटले. अण्णा, ज्यांना आई आरतीला ओढत आणायची. आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की ती दोघांच्याही डोळ्यांसमोर असून दोघांनाही तिचा अर्थ लागला नाही. रोज रात्री तेलानं आणि आचेनं काळवंडलेलं इंजिन रोज सकाळी लखलखीत असायचं. मला वाटायचं मी झोपल्यावर अण्णा पुसत असतील. त्यांच्या वस्तूची त्यांना माया. अण्णांना काय वाटत होतं ते मला एका सकाळी कळलं.

"मंदे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला, "मी नसताना तू ह्याला खोलायलीस का?"

"न्हाई अण्णा."

"मग पुसतंय कोन ह्याला? सकाळी सकाळी चकचकीत कोन करतंय? पुसताना उघडतीस, उघडताना बिघडतंय. आजपून हात लावायचा न्हाई. जा, चिंचा फोड."

मी म्हणाले, तुम्हीच पुसता की. ते म्हणाले, खोटं बोलू नको. मी आयुष्यात पुष्कळदा खोटं बोलले आहे आणि त्याबद्दल मार खाल्ला आहे, पण त्या दिवशी खरं बोलून जे लागलं ते कशानं लागलं नाही. चिंचा फोडताना मला काही दिसेना. बायका म्हणाल्या, बहीण जाणार म्हणून पोरगी रडायलीय, किती मायेची. मी आणखी रडले. त्या रडण्यात मी अक्कावर संशय घेतला. तिला इंजिन नकोच होतं. तीच उठून काहीतरी करत असणार. मी तिच्या चेहऱ्याकडं चोरासारखी बघायला लागले, तर ती इतकी गप्प गप्प दिसायची की संशय पक्का व्हावा. ती गप्प होती कारण तिचं लग्न होतं, हे मला माझं लग्न ठरलं तेव्हा समजलं.

मग एकदा पहाटे फटफटताना मी उठले, अक्काला पकडायचं म्हणून. अक्का गाढ झोपलेली, तोंड उघडं. पडवीत इंजिन नव्हतं. मागच्या न्हाणीतून खसखस आवाज येत होता. तिथं आई उकिडवी बसली होती. शेजारी देवाची भांडी, निरांजनं, तांब्या, ताम्हन आणि मांडीवर, एखाद्या तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं, इंजिन. एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात चुलीतली राख. धुराड्यापासून चाकापर्यंत रगडून रगडून घासत होती, सिलिंडरच्या फटीत तर नख घालून. मग तांब्याभर पाणी ओतलं, पदरानं टिपलं आणि धुराड्याला हळदकुंकू लावून बोटानं लगेच पुसूनही टाकलं.

मी बघत उभी राहिले. ह्याच आईनं ह्या इंजिनाला इतके दिवस सवत म्हटलं होतं. "सवतीला तेल मिळतंय, मला भजे तळायला न्हाई," असं ती शेजारणींना ऐकवायची. तिच्या तोंडून इंजिनाबद्दल एक धड शब्द निघालेला कुणी ऐकला नव्हता.

"आई, काय करायलीस?"

ती दचकली, पण हात थांबला नाही. "दिसत न्हाई व्हय? काळं पितळ लग्नघरात ठिवत असत्यात का? तुझ्या अण्णांना वाफ कळती, भांडं कळत न्हाई. पूर्णेच्या बाया बगतील अन् म्हनतील, ह्या घरात पितळ घासायची रीत न्हाई. नाव कुनाचं जाईल? माझं."

"आगं, पन राख आत जाती, त्यानंच ते..."

"अन् त्यांना सांगू नको," ती म्हणाली. "त्यांना वाटू दे, त्यांच्या हाताची वस्तू आपोआप चमकायलीय. लय दिवसांनी मानूस सकाळी उठून खुशीत पडवीत जायलाय."

आता सांगा मी काय करावं? सांगितलं तर अण्णा तडकणार. ते मुळात शांत, पण त्या दिवसांत तडकले की भांड्यांवर नाही, माणसांवर तडकायचे. आणि लग्नघरात आईचं तोंड पडलं असतं. नाही सांगितलं तर मी चोर, आणि पूर्णेच्या पाहुण्यांसमोर गाडी बेडकासारखी उड्या मारणार. मी सबंध दिवस ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत हिंडले. जेवायला बसले तर आमटीत बोट बुडवून विसरले. आई म्हणाली, "बापावर गेलीय." मला एवढंच कळत होतं की दोघांचीही बाजू खरी आहे, आणि दोन खऱ्या बाजूंनी मिळून माझं इंजिन बिघडवलं आहे.

तो गुंता मी सोडवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वतःच सिलिंडर उघडला. मी दूर, चिंचेच्या ढिगाआड. त्यांनी त्या सपाट पाठीवरून बोट फिरवलं. बोटाला करडा लगदा लागला. त्यांनी तो चिमटीत चोळला. कचकच वाजलं असावं, कारण त्यांनी कान जवळ नेला. वास घेतला. मग जिभेला लावला आणि तोंड आंबट केलं. माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. "हे काय हाय गं?" ते हळू म्हणाले. मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाई." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आत आई कुरडयांच्या चिकाशी झगडत होती, कपाळावर पांढरे शिंतोडे. ती कुणाला तरी सांगत होती, "सवत आज उठली न्हाई वाटतं अजून." अण्णा बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिले. मला वाटलं आता भडका उडणार. मी डोळे मिटले.

"मंदे," अण्णा म्हणाले, "पाना आन."

एवढंच. माझी चूक नव्हती, तुला उगाच बोललो, वगैरे काही नाही. आमच्याकडं बाप लोक असं बोलत नसत. पण पाना नेताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आम्ही पुन्हा काच आडवी मांडली, पुन्हा गोल गोल घासलं. मग अण्णांनी कनवटीची चंची सोडली, तिच्यातली पितळी चुन्याची डबी काढली, चुना कागदावर उलटा केला आणि डबी करवतीनं कापली. त्यांच्या वडिलांची डबी होती ती. तिचं त्यांनी सिलिंडरला झाकण केलं. आत डुलायला जागा, खालून दट्ट्याचा दांडा यायला फट, फटीला तेलात भिजवलेल्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, वर दोन स्क्रू. आम्ही त्याला टोपी म्हणायला लागलो.

"टोपी काहून, अण्णा?" मी मुद्दाम विचारलं.

"वाफ जाती हितून."

"हितून न्हाई जात वाफ. तुमीच सांगितलंय."

"जाती म्हनलं ना," ते म्हणाले आणि मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं पुढं म्हणाले, "वाफ जात होती! म्हनून उड्या मारत होतं!"

आईनं टोपीही घासली. रोज. इंजिन सकाळीही मऊ चाललं, संध्याकाळीही मऊ चाललं. आई घासते हे अण्णांना कळलंय, हे आईला कळलं होतं का? मी तिच्या तोंडाकडं बघून बघून थकले. काही पत्ता लागला नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात पांढऱ्या चादरीवर रुखवत मांडलं. मध्ये रूळ, रुळावर इंजिन, आसपास मनोरे, बदकं, साखरेचं तुळशीवृंदावन. पूर्णेच्या बायका ओठ मुडपून एकेक वस्तू बघत आल्या. मामंजी मुंडासं सावरत मागून. अक्का मुंडावळ्यांआडून बघत होती. अण्णांनी दिवा लावला. पाणी गुणगुणायला लागलं. मला देवाचं एकही नाव आठवेना. मग इंजिन निघालं, विड्यांचे डबे घेऊन, पापडांच्या मनोऱ्याला वळसा घालून, बदकांसमोरून, एकही हिसका न देता आणि पुन्हा होतं तिथं आलं. मामंजींनी वाकून डब्यातली सुपारी उचलली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "पळतंय की हो." मांडव हसला, ह्या वेळी आमच्या बाजूनं. अक्कानं डोळे पुसले. अण्णांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

तेवढ्यात माझ्याजवळ उभी असलेली आई अण्णांना म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती, "अवो, आजकाल हे उड्या काहून मारत न्हाई? बरं हाय ना त्याला? आपली सुशी नवी नवी चालायला लागली तवा अशीच दोन पावलं टाकायची, धपकन् बसायची, पुन्ना उठायची. मी रोज दारातून बगत होते. लय गोड दिसायचं."

 अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही ह्याचं उत्तर माझ्याकडं असेल. माझ्याकडं कुठलं? आम्ही दोघांनी महिनाभर ज्याच्याशी झुंज घेतली ते तिला गोड दिसत होतं. आणि ती बघत होती. चिकानं भरलेल्या हातांनी, सवत सवत म्हणत, रोज दारात उभी राहून बघत होती. अण्णा शेवटी म्हणाले, "मोठं झालंय आता ते." आई म्हणाली, "हां," आणि पाहुण्यांची पानं मांडायला गेली. ती थट्टा करत होती की मनापासून बोलत होती, ह्यावर मी आणि अक्का आजही भांडतो. अक्का म्हणते थट्टा. मला नाही वाटत.

रुखवत रिवाजाप्रमाणे पूर्णेला गेलं आणि इंजिन पहिल्याच फेरीला अक्काबरोबर परत आलं. मामंजींचा निरोप होता: जन्मभर इंजिनंच बघितली, घरात तरी नको. आईनं ते देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं देवांबरोबर त्यालाही चिंच-राख मिळत राहिली. अण्णा सणासुदीला नातवंडांसाठी ते चालवायचे. मऊ चालायचं. टोपी होती ना.

आई गेली तेव्हा मी दिवसकार्य होईपर्यंत सेलूत राहिले. पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. एके सकाळी मला झोपेत न्हाणीतून खसखस आवाज आला आणि मी, नातवंडं असलेली बाई, क्षणभर निवांत पडून राहिले, आई भांडी घासतेय म्हणून. मग उठून बसले. न्हाणीत अण्णा होते. त्यांना उकिडवं बसवत नव्हतं म्हणून पाटावर बसलेले. मांडीवर इंजिन. टोपी काढून बाजूच्या दगडावर ठेवलेली, तिच्यात दोन स्क्रू. चिंचेच्या गोळ्यानं आणि राखेनं ते उघडा सिलिंडर घासत होते, फटीत नख घालून.

"अण्णा, टोपी काढून घासायलात? आत राख जाईल की."

"जाऊ दे," ते म्हणाले.

त्यांनी ते धुतलं, टिपलं, पाणी भरलं, दिवा लावला आणि माजघरात जमिनीवरच ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग इंजिनानं एक उडी मारली आणि थांबलं. अण्णांनी बोटानं ढकललं. दुसरी उडी, आणि धपकन् थांबलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि इंजिनाकडं बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते.

"बग," ते म्हणाले. "मारायलंय उड्या."

मला म्हणाले नव्हते ते.